घसरगाडीच्या अस्तराबाबत

विषय: मुलाने कॅनडाहून आणलेल्या, बर्फावरच्या मासेमारीच्या तंबूवाल्या घसरगाडीचे अस्तर.

इथे कुवेतमध्ये, फहाहीलच्या किनाऱ्यावर तिचे प्लास्टिक तापून चटके देते, म्हणून मी आतून फोम आणि वर गालिचा चिकटवला. कंबर मोडली. पहिल्याच दिवशी आमच्या रत्नागिरीच्या हसनभाईंनी पकडलेले मासे बर्फासकट गालिच्यावर ओतले!

"अहो, ही बसायला आहे!" मी ओरडलो.

"मासेमारीची गाडी ना ही? मग मासे काय डोक्यावर ठेवू? अस्तर मात्र झकास हां, बर्फ वितळत नाही."

निर्लज्ज माणूस!

हसनभाईंनी दिलेल्या माशांसकट गाडी सुनेच्या मोटारीतून घरी आणली. मोटारीला अजून वास येतो.

"बाबा, तुमचा समुद्र बंद," सून म्हणाली.

हसनभाईंचे मात्र तिने माशांबद्दल आभार मानले. मोटार पुन्हा मिळावी, हा माझा अर्ज तिच्याकडे प्रलंबित आहे.