मावशींचा थेंब

भूम गावच्या एका मावशींनी मला एकदा चांगलंच पेचात पकडलं. तेव्हा मी हिवताप खात्यात रक्त तपासायचो. मावशी तापानं फणफणलेल्या, पण बोट काही पुढं करीनात.

"रगत परक्याच्या हाती गेलं अन् कुणी करणी केली तर?"

"तपासून माघारी देतो," म्हटलं, तेव्हा कुठं त्यांनी सुई टोचू दिली.

थेंब काचेवर पसरला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हिवतापच निघाला.

मावशी म्हणाल्या, "मला बी दावा." डोळा लावून लई वेळ बघत राहिल्या. "यातलं माझं कंचं अन् तापाचं कंचं?"

"गुलाबी ठिपके तुमचं रक्त, त्या ठिपक्यांच्या आतल्या निळ्या कड्या तापाचे जंतू."

"मग ठिपके माघारी द्या, बाबा. कड्या ठिवा तुमच्यापशीच!"