डिस्कवरची मालिका

हवानातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानापुढे "रांगेत शेवटचं कोण?" असं विचारून मिरेया उभी राहिली, तेव्हा पुढच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं जुंपलेलंच होतं.

"दिवसातून चारदा वीज जाते, त्यात कॉम्प्युटर बंद पडला. त्याला मी काय करू, एलोईना?"

"कॉम्प्युटर खड्ड्यात गेला. आपल्या युसिमीचे लहानपणचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले होतेस ना?"

"हो."

"मग घरी जाऊया की! उन्हात कशाला तिष्ठायचं?"

"अगं, गेल्या शनिवारी तो डिस्कवर मालिका भरून देणारा आला होता. तू आतून ओरडलीस, डिस्क दे लवकर, पुढचे भाग हवेत."

"मी रिकामी डिस्क म्हणत होते, एवेलियो!"

"दोन्ही काळ्याच, चुकून फोटोंची दिली. जागा कमी पडली म्हणून त्यानं सगळं पुसलं."

"गळ्यात लाल रुमाल बांधलेला, शाळेतला तो फोटोसुद्धा?"

"सगळेच. आता या कॉम्प्युटरमधून निघतील तेवढेच."

रांग दोन पावलं पुढे सरकली.

"आठवडा झाला. मला सांगितलं का नाहीस?"

"रोज टीव्हीला ती डिस्क लावून मालिका बघत होतीस. पोरगी मायामीला गेल्यापासून पहिल्यांदाच हसत होतीस, गं."