शेवटच्या गाण्याचा ठेका

आमच्या बँडच्या पहिल्या अल्बमचं लोक अजून कौतुक करतात, पण त्यातलं शेवटचं गाणं कसं झालं ते ऐका. दुष्काळाचं वर्ष होतं. शहागंजातल्या भाड्याच्या खोलीत रेकॉर्डिंग चालू असतानाच गल्लीत टँकर आला. आमचा ड्रमर भीमा, करमाडच्या धनगराचा पोरगा, वाजवायच्या काठ्या ठेवून उठला.

मी ओरडलो, "अरे, गाणं अर्ध्यावर आहे!"

"गाणं थांबतंय, टँकर थांबत नाय."

तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या खालांचे सगळे हंडे त्यानं भरून वर पोचवले. मग येऊन एकदाच वाजवलं, आणि तेच आम्ही अल्बममध्ये ठेवलं.

पुढं मुंबईच्या एका समीक्षकानं त्याला विचारलं, "त्या शेवटच्या गाण्यात वाजवताना इतका संयम कुठून आणलात?"

भीमा लाजला. "संयम कसला, साहेब? हात लई दुखत व्हते."