लाइनवर राहा, आत्या

...आणि वर ती बाई मलाच सांगते, "लाइनवर राहा." कुठल्या लाइनवर राहू? लाइन असती तर मी फोन कशाला केला असता? लाइन नाही हीच तर माझी तक्रार आहे ना? पण हे तिला सांगायची सोय नाही, कारण ती बाई नाहीच, ते मशीन आहे, आणि मशीनच्या बोलण्यात मध्येच "एक मिनिट हं" म्हणता येत नाही. तसं मला माणसांच्या बोलण्यातही मध्येच काही म्हणता येत नाही, ती गोष्ट वेगळी. दुकानात जाऊन नुसतं पेन मागायचं असलं तरी मी बाहेर उभी राहून वाक्य मनात म्हणून बघते. आणि घरातल्या सगळ्या माणसांतून हे फोनचं काम आलं कुणाकडे? माझ्याकडे. का, तर "तुला मोबाइलमधलं कळतं."

तुम्हाला सांगते, आमच्या घरी अजून तो फोन आहे. काळा, जड, चकती फिरवायचा. तो आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच असते, आणि ती टेलिफोन ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची मोठी फळी, आणि हातात दोऱ्या. या गावातली दोरी त्या गावात खुपसायची की इथला माणूस तिथल्या माणसाशी बोलायला लागायचा. एक्स्चेंज कधीच बंद झालं, पण आत्याची सवय गेली नाही. फोन आला की ती "हॅलो" म्हणत नाही, "बोला" म्हणते. समोरच्याच्या आधी रिसीव्हर ठेवत नाही, म्हणजे नाहीच. आणि आमच्याशी गप्पा मारता मारता दूध उतू जायला लागलं, तर स्वयंपाकघराकडे पळताना सांगते, "लाइनवर राहा." आणि आम्ही राहतो.

तर हा फोन बंद पडला. बाबा म्हणाले, "बरं झालं. ताई, आता काढूनच टाकू तो डबा. कुणाचा फोन येतो त्यावर?"

आत्या पदराने फोन पुसत राहिली. पण मला माहीत होतं कुणाचा येतो. पलीकडचीचा.

पलीकडची म्हणजे लांबच्या गावातल्या एक्स्चेंजवरची ऑपरेटर. आत्या इथून दोरी लावायची, ती तिथून. लोकांचे कॉल जोडता जोडता मधल्या फटीत या दोघी बोलायच्या. "जेवलीस का?" "अजून नाही, तू?" की लगेच, "बोला, तुमची पार्टी लाइनवर आहे." अशा फटीफटीतून दोघींची मैत्री झाली. दोघी कधी भेटल्या नाहीत. मी एकदा विचारलं, "आत्या, तुला तिचा फोटोसुद्धा बघावासा नाही वाटला?" तर म्हणाली, "कशाला? आवाजात सगळी दिसते की."

आता ती पलीकडची मुलाकडे राहते आणि दर रविवारी दुपारी आत्याला फोन करते. तीच करते. आत्याकडे तिचा नंबरच नाही. गावोगावची माणसं जोडून देणारी बाई, आणि जिवाभावाच्या मैत्रिणीचा नंबर विचारायचं राहून गेलं! मी कपाळावर हात मारला तर मलाच ऐकवते, "अगं, आम्हा दोघींत नंबर कधी लागलाच नाही."

फोन बंद पडल्यावरच्या पहिल्या रविवारी आत्या त्या मेलेल्या फोनशेजारी बसून राहिली. रिसीव्हर उचलला, कानाला लावला, ठेवला. मग मला म्हणाली, "इथली तार तुटली तरी तिकडे घंटी वाजत राहते. ती ऐकत असेल घंटी. आणि इथे कुणी उचलत नाही. या वयात घंटी वाजत राहिली की माणूस काय समजतं, सांग बघू?"

मी आईचा मोबाइल घेतला आणि तक्रार करायला बसले.

तक्रारीसाठी दोन दाबा. दाबलं. बिघाडासाठी चार दाबा. दाबलं. लाइनवर राहा. राहिले. मग एक गाणं. गाणं म्हणजे काय, एकच तुकडा, पुन्हा पुन्हा, जणू त्यांच्याकडे पुढचं गाणं संपलं होतं. आत्या शेजारी बसून सूचना देत होती. "आवाज असा पायाशी टाकू नकोस. छातीतून बोल." मी म्हटलं, "आत्या, अजून माणूस आलं नाहीये." तर म्हणते, "मग आतापासूनच तयारीत राहा. आमच्या वेळी आम्ही घंटी एकदाच वाजू द्यायचो."

शेवटी माणूस आलं. अगदी गोड आवाज. "मॅडम, आम्ही आपल्या नंबरवर फोन करून बिघाडाची खात्री करू."

"कुठल्या नंबरवर?"

"जो बंद आहे त्या, मॅडम."

"पण तो बंद आहे."

"हो मॅडम, म्हणूनच खात्री करायची आहे."

आता यावर बोलणारी मुलगी वेगळी असते. मी "बरं" म्हणाले. त्यांनी बंद फोनवर फोन केला. बंद फोन कुणी उचलला नाही. मग आईच्या मोबाइलवर मेसेज आला: ग्राहकाने फोन न उचलल्यामुळे आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. मी परत तक्रार केली. परत निकाल. आई म्हणाली, "वन्सं, मी तुम्हाला नवा मोबाइलच घेऊन देते." आत्या म्हणाली, "देशील गं. पण तिला कोण सांगणार की मी त्यावर आहे?" तेवढ्यात दुसरा रविवार आला. आणि गेला.

मग एकदा शाळेतून येताना मला कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी दिसली. शिडीवर लाइनमन काका. आता बोलायचं म्हणजे प्रत्यक्ष, तेही मान वर करून. मी तिथेच उभी राहिले. मनात वाक्य तयार केलं, खोडलं, परत केलं. शेवटी तेच वरून म्हणाले, "काय गं, शिडी हवीय का?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडची, घंटी, रविवार, निकाल. ते खाली उतरले. "पूर्वी या भागात आमची फौज होती," म्हणाले. "आता मी आणि ही शिडी. आणि शिडी माझ्यापेक्षा धडधाकट आहे." पण आले. आमच्या गेटजवळच्या पेटीत तार गंजून सुटली होती. ती जोडली, चिकटपट्टी गुंडाळली, आपल्या मोबाइलवरून नंबर लावून बघितला, आणि आत फोन खणखणला. जाताना बजावून गेले, "आता मशीनचा फोन येईल. काम झालं असेल तर एक दाबा म्हणेल. तेवढा एक दाबा म्हणजे मी सुटलो."

मशीनचा फोन कधी यावा? रविवारी दुपारी. पलीकडचीच्या वेळेला. आत्याने झडप घालून उचलला. "बोला." आणि तिचा चेहरा असा उतरला की मला पुढचं ऐकायची गरजच राहिली नाही. "आपण समाधानी असल्यास एक दाबा." या फोनवर दाबायला आहे काय? आत्याने एकच्या भोकात बोट घालून चकती फिरवली. कर्रर्र. "क्षमस्व, आपण पर्याय निवडलेला नाही." आत्या अदबीने म्हणाली, "अहो, फिरवला की." "कृपया लाइनवर राहा." आणि आत्या राहिली! कारण समोरच्याच्या आधी ठेवायचं नाही. मी म्हटलं, "आत्या, ठेव, ते मशीन आहे." तर रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणते, "असू दे. पार्टी लाइनवर आहे." आणि तिकडे पलीकडची फोन लावत असणार, आणि इकडे मशीन आणि आत्या एकमेकांची वाट बघत बसलेले.

मी आयुष्यात कुणाचं बोलणं तोडलेलं नाही. पण तेव्हा मी पुढे झाले आणि रिसीव्हर ठेवायचा खटका बोटाने दाबला.

आत्या माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कुणाचा गळा दाबला. आणि घंटी वाजली.

"अगं, एंगेज लागला गं!" पलीकडचीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, जुनी ऑपरेटर ना. "किती दिवस घंटी, घंटी, घंटी... आज एंगेज लागला आणि म्हटलं, आहे बाई जिवंत. कुणाशी गं इतकं बोलत होतीस?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली. "जेवलीस का?"

मी खुणा करून करून थकले, नंबर घे, नंबर घे. आत्याने विचारला. तर पलीकडची म्हणते, "इथला नंबर मला कुठे पाठ? आपल्याच घरी कुणी फोन करतं का? मुलगा आला की विचारून ठेवते, पुढच्या रविवारी सांगेन." मग मी आईचा मोबाइल नंबर कागदावर लिहून आत्याच्या डोळ्यांसमोर धरला. आत्याने नाही म्हणून मान हलवली. नंतर म्हणाली, "तो दिला असता तर तिला वाटलं असतं, मीपण सगळ्यांसारखी मोबाइलवर गेले. आम्ही दोघींनी तरी तारेवर राहायला हवं ना." पण एक केलं तिने. फोन ठेवण्याआधी तिला सांगितलं, "आणि ऐक, यापुढे नुसती घंटी वाजत राहिली तर समज, तार गेलीय. मी नाही."

आणि बरं झालं सांगितलं. कारण आम्ही एक दाबला नाही, म्हणून मशीनने ठरवलं की आमचा फोन अजून बंदच आहे. सोमवारी मी शाळेतून आले तर लाइनमन काका निघायच्या बेतात, ओशाळलेले. वरून हुकूम आला होता. आत्याने म्हणे आधी त्यांना चालू फोन कानाला लावून ऐकवला होता. तेही म्हणाले, "चालू आहे हो, पण आमच्याकडे बंद दाखवतोय, उघडून बघावं तर लागेल." उघडून बघितलं. हलवून बघितलं. घट्ट करून बघितलं. तेव्हापासून फोन बंद आहे. आता तार कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत बदलावी लागेल, आणि त्याची नवी तक्रार करावी लागेल.

मी मुकाट्याने आईचा मोबाइल मागायला निघाले. आत्या मात्र काकांच्या शिडीकडे बघत कौतुकाने म्हणाली, "पण काही म्हण हं, या वेळी तक्रार न करता आला."