टकटकमामांची पिकअप

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आणि ज्यांच्या छपराखाली आपण सगळे जमलो आहोत त्या वर्कशॉपच्या मालकीणबाई. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या पेंटरताई. आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते टकटकमामा. "मला कशाला वर बसवता" म्हणत शेवटी खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या मामी. आणि समोर बसलेले मेकॅनिक, वायरमन, ग्राहक, शेजारी आणि घरची मंडळी, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

बाईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. गाडी ठोकली की जो माणूस वही घेऊन येतो, चारी बाजूंनी फोटो काढतो आणि नको ते प्रश्न विचारतो, तो मी. "हे कसं झालं?" असं विचारलं की दहातले नऊ जण सांगतात, "उभीच होती हो, साहेब." उभ्या गाड्यांना एवढे अपघात होत असतील, तर चालत्या गाड्या जास्त सुरक्षित म्हणायला हव्यात! असो. खोदून खोदून विचारायची ही सवय मला जडली ती जडलीच, आणि आज जे सांगणार आहे ते त्या सवयीपायीच मला कळलं. मामांची आणि मामींची परवानगी घेतली आहे. मामी म्हणाल्या, "सांगा, पण उगाच वाढवून नका सांगू."

मामा डेंटर. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणं हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी. टक, टक, टक. मग थांबायचं आणि पत्र्यावरून तळहात फिरवायचा. पुन्हा टक, टक. गल्लीतल्या कुठल्याशा पोरांनी हे नाव ठेवलं, आणि आता रेशनच्या दुकानातसुद्धा त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही.

आता पिकअप. इथल्या जुन्या मंडळींना ती आठवत असेल. वर्कशॉपची स्वतःची गाडी. अठरा वर्षं तिने बंपर वाहिले, दारं वाहिली, एकदा पेंटरताईंच्या धाकट्या बहिणीचं अख्खं बिऱ्हाड वाहिलं. मूळची पांढरी, पण एक दार निळं, कारण त्या दिवशी तेच मिळालं. हौद्याला गंजून एवढी भोकं पडली होती की वाटेत नट सांडायचे. दोन वर्षांपूर्वी बाईंनी ती भंगारात द्यायचं ठरवलं, तर मामा ऑफिसात जाऊन उभे राहिले.

"बाई, ती मला द्या."

"काय करणार तिचं?"

"सजवणार. प्रदर्शनात लावणार."

आपल्या शहरात दर दोन वर्षांनी मैदानावर नव्याने घडवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. रोजच्या वापरातली गाडी घ्यायची आणि तिचं असं रूप पालटायचं की जन्मदात्या कारखान्यानेही ओळखू नये. बाईंना आधी थट्टाच वाटली. पण मामा थट्टा करत नाहीत. गाडी मिळाली. जेवणाच्या सुट्टीत आणि आठवड्याच्या सुट्टीला मागच्या शेडमध्ये काम सुरू झालं.

मला राहवेना. कामासाठी इथे आलो की मी मागे डोकावायचो. एकदा पाहिलं तर छतच नाही! खांब कापून छत चार बोटं खाली आणायचं चाललं होतं. पुढच्या खेपेला दारांच्या मुठी गायब. ती भोकं पत्र्याने अशी बुजवली होती की तिथे कधी मूठ होती हे आईची शपथ घेऊन सांगावं लागलं असतं. चाकांवरच्या कमानी रुंद झाल्या, गाडी जमिनीकडे झुकली, हौद्यात लाकडी पट्ट्या बसल्या. मी विचारलं, "मामा, हे सगळं कशासाठी? या वयात?"

मामा ठोकळा पुसत म्हणाले, "साहेब, मी आजवर प्रत्येक गाडी जशी होती तशी करून दिली. माझं काम चांगलं झालं तर ते दिसत नाही. दिसलं, तर वाईट झालं. एक तरी काम असं करू द्या की जे दिसावं म्हणून केलंय."

हे उत्तर खरं होतं, पण पुरं नव्हतं. उत्तर पुरं नसलं की आम्हा सर्व्हेअर लोकांना कुठेतरी खाजतं.

मग एका दुपारी मी काय पाहिलं? मामी शेडमध्ये उभ्या होत्या. मामींचं कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. दुपारी त्या डबा घेऊन येतात हे सगळ्यांना माहीत होतं. पण डबा बाकावर तसाच होता, आणि मामी डोळे मिटून गाडीच्या दारावरून तळहात फिरवत होत्या. मामा शेजारी खडू घेऊन उभे.

"इथे पोट आहे, पत्रा फुगलाय," मामी म्हणाल्या. मामांनी गोल काढला.

"आणि इथे जरा बसलाय."

"किती?"

"कॉलरच्या दुहेरी कापडाइतका. नाही, एकेरी."

मी खाकरलो. मामांनी खडू खिशात टाकला. "काही नाही, साहेब, हिला गाडीची हौस आहे."

तुम्हीच सांगा, असली उत्तरं मी रोज ऐकतो. मला हे पटावं? पण त्यांचा चेहरा पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

रंगाच्या वेळी वाद झाला. पेंटरताई म्हणाल्या, "मामा, पांढरा मारू. पांढऱ्यात सगळं पोटात जातं. गडद चकचकीत रंग चुगलखोर असतो, केसाएवढी लाट असली तरी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं दिसतं." मामा म्हणाले, "लपवायचं असतं तर एवढं कशाला केलं असतं? गडद मार." ताईंनी मग जांभळाच्या सालीचा रंग कालवला. सावलीत काळा, उन्हात आतून तांबूस पेटणारा. प्रदर्शनाला बारा दिवस राहिले असताना गाडी पहिल्यांदा उन्हात काढली.

आता पुढचं सांगायला मला जरा पाणी पिऊ द्या.

त्या सकाळी मी एक मोडका दिवा तपासायला आलो होतो. काम आटोपलं, माझी गाडी मागे घेऊ लागलो. आरशात ती पिकअप दिसली. मंडळी, मी तो रंग बघत राहिलो! तो उन्हात कसा पालटतो याचंच मला कुतूहल. पाय क्लचवर, डोळे रंगावर. आणि धाडकन आवाज आला.

मी उतरलो. हौद्याची डावी बाजू आत गेली होती आणि रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. बाई धावत आल्या, पेंटरताई हातात फडकं घेऊन तशाच उभ्या. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हणालो, "मागे काही नव्हतं हो." मी! ज्याने बावीस वर्षं लोकांच्या तोंडून असलंच ऐकून वहीत शेरे मारले, तो!

कोणी हसलं नाही. मामा आले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खाली बसून त्या खळग्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग वर न बघताच म्हणाले, "बाई, हे मला एकट्याला नाही जमणार."

"का? बारा दिवस आहेत."

"दिवसांचं नाही. माझ्या बोटांना काही कळत नाही. दोन वर्षं झाली. हातोडीच्या हादऱ्यांनी शिरा गेल्या, डॉक्टर म्हणाले आता परत यायच्या नाहीत. पत्रा आहे एवढं कळतं. कसा आहे ते नाही कळत."

बोटं सुन्न व्हायला लागली त्याच महिन्यात त्यांनी पिकअप मागितली होती. मामांचं अपुरं उत्तर तिथे पुरं झालं, आणि मला वाटलं, हे कळलं नसतं तर किती बरं झालं असतं.

मला भीती वाटली. ग्राहकांच्या गाड्यांचा प्रश्न होता आणि वर्कशॉपच्या नावाचाही. बाईंनी विचारलं, "दोन वर्षांत तुमच्या हातची एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही. ते कसं?"

मामा म्हणाले, "रोज दुपारी ती येते ना."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"वाटलं. रोज वाटलं. पण सांगितलं असतं तर तुम्ही मला खुर्चीवर बसवलं असतं, बाई. चांगल्या मनानेच बसवलं असतं."

बाईंनी नजर वळवली. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं दोन माणसांचं काम मी एकाच्या नावावर घेत होते. मामींना बोलवा. आणि चोरून नाही, पुढच्या दाराने."

मामी इस्त्री तशीच उभी करून आल्या. त्यांनी खळग्यावर हात ठेवला आणि कोणाकडेही न बघता विचारलं, "कोणी केलं हे?" मी हात वर केला. "मग हे घरी जायचे नाहीत," मामी म्हणाल्या. आणि खरंच, मंडळी, माझ्या हातात पॉलिश पेपर देण्यात आला. अकरा दिवस ऑफिस सुटलं की मी इथे येऊन तो पत्रा घासला. पेंटरताई डोक्यावर उभ्या. "साहेब, घासा, कुरवाळू नका." माझ्या बायकोला वाटलं मला बढती मिळाली, म्हणून उशीर होतो.

त्या अकरा दिवसांत मी जे पाहिलं ते कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. मामी सांगायच्या, मामा ठोकायचे. मामींना हातोडी कळत नव्हती आणि मामांना पत्रा कळत नव्हता. "जरा वर." टक. "हळू, फुगेल." टक. "अहो, हळू म्हटलं ना!" "अगं, हळूच मारतोय." "मग त्याहून हळू." छत्तीस वर्षांच्या संसारात एवढं बोलणं झालं नसेल, असं मामाच म्हणाले. मामींनी लगेच सांगितलं की झालं होतं, यांनी ऐकलं नव्हतं.

ताईंनी पुन्हा रंग चढवला आणि बाराव्या दिवशी गाडी मैदानावर उभी राहिली. फॉर्ममध्ये 'पत्र्याचं काम' यापुढे एकाच नावाची रेघ होती. मामांनी तीत दोन नावं दाटीवाटीने बसवली, आणि खाली लिहिलं, 'गाडी नुकतीच एका बाजूने लागली होती.' मी म्हटलं, "मामा, हे कशाला कबूल करता?" तर म्हणाले, "तुम्ही सर्व्हेअर ना? मग खरं लिहिलेलं तुम्हाला का बोचतं?"

परीक्षक आले. टॉर्च, छोटा आरसा, गुडघ्याखाली घ्यायला रबराचा तुकडा. त्यांनी फॉर्म वाचला आणि गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. "कुठल्या बाजूने लागली होती?"

मामी म्हणाल्या, "तुम्हीच शोधा की."

त्यांनी शोधलं. शेवटी उजव्या बाजूकडे बोट दाखवलं. तेव्हा मामींनी पदराने तोंड झाकलं, आणि मी इकडे तिकडे बघू लागलो.

पहिला क्रमांक मिळाला नाही, हे सांगायलाच हवं. आमचा दुसरा. पहिला गेला एका पिवळ्या गाडीला, तिचं इंजिन आरशासारखं होतं, आणि न्याय योग्यच झाला. मामांनी जाऊन तिच्या मालकाचं अभिनंदन केलं. परत येताना मामींना म्हणाले, "जरा हात लावून आलीस का?" मामी म्हणाल्या, "आले. बरी आहे. मागच्या कमानीपाशी पोट आहे." आणि दोघं एवढी हसली की लोक वळून बघू लागले. दिवसभर माणसं येत होती, विचारत होती, हे कोणी केलं. चाळीस वर्षांत मामांना हे कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या काही जणांपुढे ते नुसते मान हलवत राहिले. मग संध्याकाळपर्यंत सवय झाली.

आज मामा निवृत्त होत आहेत ते स्वतःच्या मर्जीने. अंदाजाने हातोडी मारायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि बाईंनी जाहीर करायला सांगितलेली बातमी अशी की पुढच्या आठवड्यापासून रंगाला जाणारी प्रत्येक गाडी मामींच्या हाताखालून जाईल. मामींनी अट घातली आहे, दुकानाच्या वेळा सांभाळून. अट मान्य झाली आहे. टाळ्या वाजवायला हरकत नाही.

संपवतो. गेल्या मंगळवारी मी एक दार तपासत होतो. मला ते सपाट दिसलं, तसं मी वहीत लिहिलंही. मामींनी माझं मनगट धरलं. "बघू नका. डोळे मिटा." आणि माझा तळहात पत्र्यावरून ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पत्र्याचं पोट माझ्या हाताला लागलं. बावीस वर्षं मी दारं बघत आलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा एक दार मला कळलं. मी ओरडलोच, "आहे! आहे इथे!"

मामा बाकावर बसले होते. उठून जवळ आले. अगदी हळू विचारलं, "काय जाणवतं, साहेब? सांगा ना."

मी पुन्हा हात फिरवला. म्हणालो, "मामा, पाण्यात पाय घालून उभं राहावं, लांब कोणीतरी पाण्यात उतरावं आणि त्याची लाट पायाला लागावी, तसं."

मामांनी डोळे मिटले. त्यांचा तळहात हवेतच थोडा सरकला. म्हणाले, "हां. तसंच. अगदी तसंच असतं ते."

मामा, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, बाईंनी दहा मिनिटांची वीस होऊ दिली, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. नमस्कार.