अळंबीच्या पुढे नाही, नाही, नाही

…पंख? नाहीत. दात? नाहीत. डोळे, कान, आवाज? नाहीत, नाहीत, नाही! तुम्हाला सांगते, आज सकाळपासून मी अळंबीच्या नावापुढे एवढंच लिहीत होते! संग्रहालयात पाट्या लिहायचं काम माझं, आणि आमच्या साहेबांनी आखूड नाकाचं फळं खाणारं वटवाघूळ आणि शिंपला अळंबी शेजारीशेजारी मांडलीत… का? तर दोन कपाटं मोकळी होती म्हणून! वर म्हणतात, "तुलनेचा तक्ता करा, लोकांना तुलना आवडते." आवडते हो! पण रकाने कोणी आखले? वटवाघळाकडे बघून आखले! मग अळंबी नापास होईल नाही तर काय…

घरी तरी काय वेगळं? लग्नाला तीन महिने होतायत तोवर सासूबाईंचा तक्ता तयार. माझी जाऊ वेगळी राहते, रविवारी येते. "थोरली आली की घर कसं भरून जातं! हसते काय, बोलते काय! आणि ही… घरात आहे की नाही, हाक मारून बघावं लागतं!" जाऊबाई गोड आहेत हो, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण रकाने कोणी आखले?

साहेब जेवायला गेल्यावर मी नवे आखले. मेलेल्या लाकडात आतल्या आत तंतू पसरता येतात? लाकडाची माती करता येते? वटवाघूळ… नाही, नाही! ते बिचारं उलटं टांगल्याटांगल्या माझ्याकडे असं बघत होतं! कुठली फळं खातं, कुठे कुठे बिया टाकून येतं, त्यातून झाडं उगवतात, आणि मी त्याला दोन मिनिटांत नापास केलं? म्हणजे मीच सासूबाई झाले की! तक्ता फाडून टाकला.

आणि रात्री घरी जेवताना सासूबाईंनी सुरुवात केली, "थोरली असती ना, तर…" काय झालं मला कोण जाणे, मी बोलायलाच लागले! पंख, तंतू, बिया, माती, सगळं! "मला दुसऱ्या कुणाच्या रकान्यात मोजू नका हो, आई!" मामंजींचा घास हवेत, आमचे हे टेबलाखाली चमचा शोधतायत, आणि चमचा त्यांच्या हातात!

सासूबाईंचे डोळे भरून आले. उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "अगंबाई, किती छान बोलतेस गं… अगदी थोरलीसारखी!"

आता यावर काय बोलणार? महिन्याभराचं बोलणं तर मी तेवढ्यातच संपवलं होतं…