पाच मिनिटं डोळे मिटून

दवाखान्याच्या बाकावर गुडघा धरून बसलेल्या आजीबाईंना दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसायची सवय नव्हती. पण शेजारच्या दोघी बोलतच होत्या, तर कान काय काढून ठेवायचे? एक होती मुलीची आई, दुसरी तिच्या वर्गाची बाई.

“ताई, कशी आहे ती?”

“आत आहे. डॉक्टर बोलतात, ती नुसती ऐकते. आज नववा दिवस, तोंडातून शब्द नाही.”

“माझ्या तासाला सगळ्यांत स्थिर तीच बसायची हो. पाच मिनिटं डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं, मग शेजारणीचं भलं चिंतायचं. हूं की चूं नसायचं तिचं.”

“शेजारणी कर्कटकाचं टोक टोचायच्या तिला. दंडाला. रोज, त्याच पाच मिनिटांत.”

“मला खरंच दिसलं नाही, ताई.”

“कसं दिसणार? तुम्हीही डोळे मिटायचात ना?”

“पोरींना मिटायला लावायचे आणि आपण टकामका बघायचं, बरं दिसत नाही म्हणून...”

“वर हलली नाही म्हणून वहीवर चांदणी दिलीत. घरी नाचवत आणली मी ती वही, सगळ्यांना दाखवली. पोरीची बाही वर करून बघावी, हे मला मेलीला सुचलं नाही.”

“मी आत जाऊ? माफी मागते तिची.”

“नका जाऊ.”

“दोनच शब्द, ताई.”

“काल तुमचा फोन आला, तेव्हा ती शेजारीच होती. तुमचा आवाज कानावर पडला आणि तिनं डोळे मिटले, ताठ बसली. पाच मिनिटं हलली नाही हो.”